व्यंकटींचा एपिसोड

व्यंकटी सोनकांबळे वारले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी वांग्याचं भरीत केलं होतं, आणि त्यात मीठ दोनदा पडलं होतं. लुंबिनीनं पहिला घास घेतला, अर्धा तांब्या पाणी प्यायली आणि विचारलं, “बाबा, गॅसचा नंबर लावला का?”

“लावला.”

“नळाला पाणी कधी?”

“उद्या सोडतेत म्हणं.”

झालं, जेवण संपलं. आई गेल्यापासून कंधारच्या त्या दोन खोल्यांत ही दोघंच राहत आणि दोघांचं उत्तम पटत असे, कारण गॅस, पाणी, दूध आणि लाइट यांच्यापलीकडे विषय जात नसे. भरीत खारट झालंय हे लुंबिनीनं सांगितलं नाही. व्यंकटींनी स्वतः खाल्लं तेव्हा त्यांना कळलं. मग त्यांनीही ते तिला सांगितलं नाही.

लुंबिनी गावातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. नववी ‘ब’ची मुलं गाईवर पानभर निबंध लिहीत; पण गाईविषयी एक वाक्य बोल म्हटलं की स्वतःच्या पायांकडे बघत, जणू गाय तिथंच कुठेतरी बांधलेली आहे. त्यावर तिनं पॉडकास्टचा उपाय काढला होता. “पॉडकास्ट म्हणजे रेडिओच,” तिनं वर्गात सांगितलं, “फक्त रेडिओवाले आपणच.” मुलांनी विषय ठरवायचा, फोनवर इंग्रजीत बोलायचं, आपलंच बोलणं ऐकायचं, नाही आवडलं तर पुन्हा बोलायचं. कार्यक्रमाचं नाव ठरलं ‘नाइन बी स्पीकिंग’. नाव ठरलं आणि नाइन बी पुन्हा गप्प झाली. मॅडमसमोर बोलायचं म्हणजे चूक मॅडमला कळणार.

मार्ग सापडला तो अपघातानं. एकदा महामाया आणि हरिओम ही दोन मुलं रेकॉर्डिंगसाठी तिच्या घरी आली असताना लुंबिनी दूध आणायला गेली. परत येते तो आतून इंग्रजी ऐकू येतंय. व्यंकटी बाजेवर मांडी घालून बसलेले, समोर महामाया सुसाट सुटलेली, आणि प्रत्येक वाक्याला व्यंकटी मान हलवून म्हणताहेत, “बरोबर.” व्यंकटींना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आयुष्यभर ते पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. शेतकऱ्यांच्या वावरात पाणी सोडायचं त्यांचं काम. ज्याला इंग्रजीच येत नाही त्याच्यासमोर चूक होणार कशी? हा शोध वर्गभर पसरला आणि रोज दोन-दोन मुलं व्यंकटींसमोर येऊन बोलू लागली. पाटाला पाणी सोडावं तशी इंग्रजी सुटली.

भरिताच्याच त्या रविवारी व्यंकटींची मुलाखत होती, आणि भरीत पोरांनाही चाखायला मिळालं होतं. शेजारी पिठाची गिरणी, म्हणून आवाज येऊ नये यासाठी तिघं गोधडी डोक्यावर घेऊन बसले. मार्च महिना होता.

“व्हॉट इज युअर फेवरेट फूड?” गोधडीतून महामायाचा आवाज आला.

“काय म्हनली रे?” व्यंकटी.

“आजोबा, जेवायला काय आवडतं?” हरिओम.

“ते सांगतो. आधी गोधडी जरा उचल. खुद्द मीच शिजायलो.”

लुंबिनी बाहेर उंबऱ्यावर बसून वह्या तपासत होती. उद्या अकराला शाळेत पॉडकास्टचं उद्घाटन होतं आणि ते बघायला शिक्षण विस्तार अधिकारी मॅडम येणार होत्या. मुख्याध्यापक बालाजी केंद्रे सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “मॅडम, शाळेत मोबाइल म्हणजे मला डोक्याला ताप. पोरं साहेबांसमोर बोलली तर चालू ठेवा. न्हाई बोलली तर परवापासून आपलं व्याकरण बरं.” म्हणून उद्या मुलांसमोर व्यंकटी बसणं भाग होतं. ते समोर असतील तर मुलं बोलणार, नसतील तर मुलं पाय बघणार. सगळं त्यांच्यावर होतं.

“बाबा, उद्या अकराला,” संध्याकाळी तिनं आठवण केली.

“हाव,” व्यंकटी म्हणाले. “पाणी आलं की आंघोळ करून येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटी वारले. त्या वेळी ते नळाखाली पाय धूत होते.

झालं होतं ते असं. उद्घाटनाचं निमंत्रण म्हणून एपिसोडचं एक चित्र बनवायचं काम हरिओमनं घेतलं होतं. तो व्यंकटींचा फोटो घेऊन बसस्टँडजवळच्या माणिकप्पाच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला. माणिकप्पाच्या कॉम्प्युटरमध्ये दोनच नमुने तयार होते: एक वाढदिवसाचा, एक श्रद्धांजलीचा. वाढदिवसाच्या नमुन्यात खाली शुभेच्छुकांचे फोटो लागतात, आणि नववी ‘ब’मध्ये कोणाकोणाचा फोटो घ्यायचा यावरून आधीच मारामारी झाली होती. माणिकप्पा म्हणाला, “मग हे दुसरं घे. शांत वाटतं.” माणिकप्पा प्रामाणिक माणूस. त्यानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द आठवणीनं पुसले. फोटोभोवतीचा हार, खालची समई आणि ढगांतून येणारे किरण मात्र राहू दिले, कारण त्यानं शोभा येते. खाली इंग्रजीत कार्यक्रमाचं नाव टाकलं, आणि त्याखाली मराठीत ‘आज सकाळी ११ वाजता, शाळेचे पटांगण’.

हरिओमनं ते पहाटे आईच्या फोनवरून स्टेटसला लावलं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. सोबत मुलाखतीचा कच्चा, खोकल्यांसकटचा आवाजही जोडला. चित्र सगळ्यांनी पाहिलं. आवाज इंग्रजीत सुरू होतो म्हटल्यावर तो तेव्हा कोणी पुढे ऐकला नाही. नववी ‘ब’च्या कुठल्याशा पालकानं ते चित्र आवाजासकट ‘सोनकांबळे परिवार’ या ग्रुपवर पाठवलं, आणि नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत चुली थांबल्या.

लुंबिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलाखतीतले खोकले कापत ती सकाळपासून फोन घेऊन बसली होती आणि मध्ये कॉल आला की सगळं पुसलं जातं म्हणून तिनं फोन फ्लाइट मोडवर टाकला होता. लोक तिला फोन लावत होते, तो बंद लागत होता, आणि लोक म्हणत होते, “बिचारी.”

मग व्यंकटींचा बटणांचा फोन वाजला. तो ते कायम स्पीकरवर लावत, त्यामुळे आतल्या खोलीतही ऐकू यायचा. लातूरहून मारोतीमामा होते, लुंबिनीच्या आईचे भाऊ. मारोतीमामा फोनवर ऐकत नसत, फक्त बोलत.

“बोल मारोती,” व्यंकटी म्हणाले.

पलीकडे हुंदका. “कोन, दगडोबा का? तुझा आवाज हुबेहूब दाजीसारखा हाय रे. ऐकवेना बग.” दगडोबा हा व्यंकटींचा चुलतभाऊ.

“अरे मारोती, झालं काय—”

“काय बोलू नको. धीर धर. जीप केलीया, निघालो आम्ही. अकराच्या मातीला पोचतो. लेकराकडं ध्यान ठिव. त्या इस्लापूरच्या सोयऱ्यांचा फोन आला तर सांग, त्यांच्यासाठी कोनी थांबायचं न्हाई.” फोन कट.

व्यंकटींनी फोनकडे बघितलं. “मारोतीच्या वळखीतलं कोनतरी गेलं दिसतंय. अकराला माती हाय म्हनला.”

“कोण गेलं?”

“ते सांगितलंच न्हाई. पर तो इकडंच यायलाय म्हणल्यावर मयत कंधारातच असंल.” त्यांनी परत फोन लावला, तो सारखा बिझी. मग खुंटीवरचा पांढरा सदरा काढला. “मी जरा चौकशी करून येतो. कोनाचं का असंना, तोंड दाखवाय पायजे.”

“बाबा, अकराला तुम्ही शाळेत पाहिजे.”

“येतो की. शाळा काय पळून जायलीय का?”

“मुलं तुमच्याशिवाय बोलत नाहीत.”

“येतो म्हणलं ना, बाई.”

“कुलूप नीट लावा,” ती म्हणाली आणि निघाली.

पुढचे दीड-दोन तास व्यंकटी कंधारात कोण मेलं ते विचारत हिंडले. हे तिला नंतर कळलं. आधी ते दगडोबाच्या घरी गेले. तिथं कुलूप होतं, कारण दगडोबा त्यांच्या मातीसाठी हार आणायला गेला होता. मग ते चहाच्या टपरीवर गेले आणि पाठीमागून टपरीवाल्याला म्हणाले, “काय रे, आज कोनाची माती हाय?” टपरीवाला वळला. त्याच्या हातातलं पातेलं खाली आलं ते सरळ शेगडीवर. “तुमचीच म्हणं,” तो म्हणाला. व्यंकटींना वाटलं, पोरगं थट्टा करायलंय. “मोठ्या माणसाशी असं बोलू नये,” असं सांगून ते पुढे गेले. किराणा दुकानात त्यांना बघून मालक मागच्या दारानं निघून गेला. त्याच्याकडे आपले पैसे निघत असतील, असा विचार करून व्यंकटींनी त्याला मोठ्या मनानं माफ केलं.

इकडे शाळेत पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. फळ्यावर रंगीत खडूनं माइक काढला होता, तो जरा वांग्यासारखा झाला होता. अजून अकरा वाजायचे होते आणि लोक येऊ लागले. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, टोप्या घातलेले म्हातारे, लांबचे, जवळचे. येत आणि काही न बोलता सतरंजीवर बसत. एकदोघांनी लुंबिनीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटलं, नववी ‘ब’च्या पालकांना आपल्या कामाची एवढी कदर असेल असं कधी वाटलं नव्हतं.

केंद्रे सर तर पाघळलेच. “मॅडम, पालकसभेला चार टाळकी येत न्हाईत. अन् हे बघा. शिस्त बघा. एक माणूस बोलंना.”

“तेच मी म्हणतेय, सर. इतके गंभीर का आहेत?”

“इंग्रजीचा धाक,” केंद्रे सर म्हणाले.

विस्तार अधिकारी मॅडम आल्या. गर्दी बघून त्या फाटकातच थांबल्या. केंद्रे सरांनी त्यांना मंचावर बसवलं. “लोकसहभाग,” त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. नववी ‘ब’ मंचाजवळ रांगेत उभी होती आणि इमानेइतबारे स्वतःच्या पायांकडे बघत होती.

“आजोबा कुठं हायेत?” महामायानं लुंबिनीच्या कानात विचारलं.

“येतील.”

“ते नसले तर माझ्यानं होनार न्हाई, मॅडम. सगळे माझ्याकडंच बघायलेत.”

तेवढ्यात फाटकाबाहेर रिक्षा थांबली आणि विष्णुपुरीहून आलेल्या नागुबाई आत्याबाई उतरल्या. व्यंकटींची ही मोठी बहीण. चार भावंडांत सगळ्यांत मोठा आवाज तिचा. रिक्षाचं भाडं मोजून देईपर्यंत ती गप्प होती. सुटे परत घेतले, कनवटीला लावले, आणि मग तिनं हंबरडा फोडला.

“व्यंकट्या, माझ्या आधी कसा रे गेलास.”

पटांगणातल्या बायांनी सूर धरला. आत्याबाई धावत आली आणि तिनं लुंबिनीला छातीशी घट्ट धरलं. “लेकरा, माझा भाऊ गेला गं. तुझा बाप गेला.”

लुंबिनीला काही उमगलं नाही, आणि मग सगळंच उमगलं. सकाळपासून फोन बंद होता. मामाचा हुंदका. अकराची माती. बाबा घरातून निघून दीड-दोन तास झाले होते, आणि अजून आले नव्हते. रस्ता ओलांडताना ते कधी डावीकडे बघत नाहीत. पांढऱ्या कपड्यांतली ही सगळी माणसं तिच्याआधी काहीतरी जाणून होती. आणि ती आपल्या बापाला शेवटचं काय म्हणाली होती, तर कुलूप नीट लावा.

तिला रडू आलं नाही. आत्याबाईच्या खांद्यावर डोकं तसंच राहिलं आणि तिला नको तितकं स्पष्ट दिसत होतं: फळ्यावरचा वांग्यासारखा माइक, केंद्रे सरांचं उघडं राहिलेलं तोंड, आत्याबाईच्या लुगड्यावरचा तंबाखूचा डाग.

“जय भीम,” फाटकातून आवाज आला. “हितं हाय का माती? गेलं कोन पर?”

सूर तुटला. व्यंकटी पांढऱ्या सदऱ्यात, घामानं निथळत, गर्दीकडे बघत उभे होते. “सगळं गाव पालथं घातलं,” ते म्हणाले. “कोनी धड सांगंना. नागे, तू काहून रडायलीस? कोन गेलं?”

आत्याबाईनं लुंबिनीला सोडलं. ती भावाजवळ गेली, त्याचा दंड चाचपला, गाल चाचपला, आणि मग त्याच गालावर एक चापट दिली. “मुडद्या,” ती म्हणाली, “अडीचशे रुपये रिक्षाला घातले मी.”

एक म्हातारा सतरंजीवर आडवा झाला. त्याला पाणी पाजेपर्यंत पोरांपैकी कोणीतरी ते चित्र लुंबिनीला दाखवलं. तिनं हार बघितला, समई बघितली, ढगांतून येणारे किरण बघितले. मग तिनं हरिओमकडे बघितलं. हरिओम पायांकडे बघत होता.

“शोभा येते म्हणले माणिकप्पा,” तो म्हणाला.

मंचावरून विस्तार अधिकारी मॅडमनी विचारलं, “काही अडचण आहे का?” मंच जरा लांब होता, त्यांना एक बाई रडत आली आणि एका माणसाला मारून भांडू लागली, एवढंच दिसलं होतं.

केंद्रे सर मुख्याध्यापक काही उगाच झाले नव्हते. “न्हाई मॅडम,” ते म्हणाले, “प्रमुख पाहुणे आले.” आणि दगडोबाच्या हातातल्या हारांकडे बोट दाखवून त्यांनी हुकूम सोडला, “घाला.” दगडोबानं हार आणलेच होते. त्यानं एक घातला. मग इतरांनीही आणलेले परत कुठं न्यायचे म्हणून घातले. व्यंकटींचे कान हारांत बुडाले, डोळे तेवढे वर राहिले.

“बसू का आता?” ते आतून म्हणाले. “पोरांना बोलायचंय.”

ते मंचासमोर पहिल्या सतरंजीवर मांडी घालून बसले. महामाया पुढे आली. तिनं हातातला फोन तोंडाजवळ धरला. समोर एवढी गर्दी, मंचावर अधिकारी, बाजूला इंग्रजी येणाऱ्या मॅडम. तिची नजर खाली जाऊ लागली. वाटेत तिला हारांतले दोन डोळे दिसले.

“बोल की,” व्यंकटी म्हणाले. “मला काय कळतंय का?”

“गुड मॉर्निंग,” महामाया म्हणाली. “धिस इज नाइन बी स्पीकिंग. टुडे अवर गेस्ट इज व्यंकटी आजोबा. ही इज नॉट डेड.”

“बरोबर,” व्यंकटी म्हणाले.

“मेनी पीपल केम टू क्राय. नाऊ दे आर अँग्री, बिकॉज ही इज अलाइव्ह.”

“बरोबर.”

अधिकारी मॅडमचा चष्मा नाकावरून खाली आला. हरिओमला राहवलं नाही, त्यानं फोन ओढून घेतला. “इट इज माय मिस्टेक. आय मेड द फोटो. यस्टरडे वुई सॅट इन गोधडी. आजोबा सेड, आय अॅम कुकिंग. ही मेक्स व्हेरी बॅड भरीत. बट ही लिसन्स टू एव्हरी चाइल्ड.”

मग रांगच फुटली. ज्या पोरांनी वर्षभर ‘प्रेझेंट’शिवाय इंग्रजी शब्द उच्चारला नव्हता ती फोनसाठी भांडू लागली. कोणी सांगितलं, आजोबा आपल्याला पेरू देतात. कोणी सांगितलं, आजोबा मध्येच झोपतात, पण झोपेतही ‘बरोबर’ म्हणतात. एकाचं क्रियापद राहिलं, एकाचा काळ चुकला, एकानं आजोबांना ‘शी’ म्हटलं. व्यंकटींनी सगळ्यांना पास केलं. अधिकारी मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, आणि केंद्रे सर मान उंच करून ते उलटं वाचत होते. वाचून झाल्यावर ते लुंबिनीजवळ आले.

“चालू ठेवा,” ते म्हणाले. “मोबाइल माझाबी वापरा. फक्त चित्र मला दाखवून पाठवत जा.”

इथं कार्यक्रम संपायला हवा होता. पण त्याच वेळी लातूरची जीप फाटकात आली. मारोतीमामांनी वाटभर तो एपिसोड जीपच्या स्पीकरवर लावला होता. व्यंकटींचा शेवटचा आवाज म्हणून सगळे रडत आले होते. मामा उतरले आणि त्यांनी हारांतल्या मेव्हण्याला बघितलं. त्यांचं तोंड पडलं.

“दाजी, तुम्ही हायेत?”

“हाव.”

“मंग मी भाषण कशाला केलं?” मामा म्हणाले. स्मशानातल्या श्रद्धांजलीच्या भाषणासाठी लातूर तालुक्यात मारोतीमामांचं नाव होतं. निलंग्यापर्यंत त्यांना बोलावणी येत. जीपमध्ये त्यांनी सगळं भाषण मनाशी जुळवलं होतं. “आता ह्याचं काय करू?”

“ठिव की जपून,” आत्याबाई म्हणाली. “लागंल कधीतरी.”

“न्हाई नागुबाई, माझं ध्यानात ऱ्हात न्हाई. मी बोलून घेतो.” आणि मामा बोललेच. दोन्ही हात मागे बांधून, डोळे मिटून. व्यंकटींसारखा माणूस होणे नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या बहिणीला दाजी कधी उलट शब्द बोलले नाहीत, असं सांगितलं.

“बोललो की,” व्यंकटी खालून म्हणाले. “लई बोललो.”

“मयतानं मधी बोलू नये,” मामा डोळे न उघडता म्हणाले. “दाजींच्या जाण्यानं समाजाची न भरून निघणारी हानी झालीया. आपन दोन मिनिटं उभं राहू.”

सगळे उभे राहिले. व्यंकटीही राहिले, मान खाली घालून त्यांनी स्वतःसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. अधिकारी मॅडमही उभ्या राहिल्या, ही इथली पद्धत असेल असं समजून.

खाली बसता बसता आत्याबाईला आठवलं. “अन् लेकीचं राहिलं. लेकीनं बोलाय पायजे. ऊठ गं.”

“आत्याबाई, कार्यक्रम संपला,” लुंबिनी म्हणाली.

“संपला कसा? सगळे बोलले, पोरंसोरं बोलली. मारोती तर गाडीभाडं वसूल होईस्तोवर बोलला. आज येवढी मानसं बसलीत. मागून बोलशील तर ह्याला ऐकू येनार न्हाई.”

नववी ‘ब’नं टाळ्या वाजवल्या. महामायानं फोन आणून तिच्या हातात दिला. लुंबिनी पुढे आली. मुलांना बोलतं करताना ती जे काय काय सांगायची त्यातलं एकही तिला उपयोगाचं वाटेना. तिनं पायांकडे बघितलं. पाय चपलांत नीट होते. मग तिनं वर बघितलं आणि तिला तो मार्ग दिसला, जो तिच्या मुलांना केव्हाच सापडला होता. समोर बसलेल्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं.

ती इंग्रजीत बोलली. चारपाचच वाक्यं होती, सोपी, नववीच्या पुस्तकात शोभावी अशी. व्यंकटी प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते. “बरोबर,” ते म्हणाले. “बरोबर.” अधिकारी मॅडमनी चष्मा काढला आणि पदराला पुसला. नववी ‘ब’ अगदी गप्प झाली, आणि हे गप्प बसणं नेहमीचं नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं.

व्यंकटींच्या ते लक्षात आलं. हार बाजूला करत ते महामायाकडे झुकले. “काय म्हनली गं?”

महामायानं मॅडमकडे बघितलं, मग आजोबांकडे. “मला येईना, आजोबा.”

“घे. येवढं भराभर इंग्रजी बोललीस अन् आता मराठी येईना?”

“तसं न्हाई,” ती म्हणाली. “मी सांगितलं तर ते माझं होईल.”

व्यंकटींनी हरिओमकडे बघितलं. हरिओमनं नकारार्थी मान हलवली. त्यांनी मारोतीमामांकडे बघितलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं हे पहिल्यांदाच सर्वांसमोर उघड झालं. शेवटी व्यंकटींनी लेकीकडे बघितलं. “मग तूच सांग, बाई,” ते म्हणाले. “मी काय परका हाय का?”

लुंबिनीनं फोन महामायाला परत दिला. ती सतरंजीवर त्यांच्यासमोर बसली. दोन हार मध्ये येत होते, ते तिनं काढून बाजूला ठेवले.

“बाबा,” ती म्हणाली, “सकाळी आत्याबाईनं मला धरलं तेव्हा मला ते खरं वाटलं होतं.” तिनं त्यांच्या सदऱ्यावर अडकलेली एक पाकळी काढली. “तुम्ही मला लागता, बाबा. मी कधी म्हणत नाही. पण रोज लागता.”